आठ व्हायोलिनं आणि एक लिफ्ट

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार घालायचा तर आमच्या वाद्यवृंदाच्या खुर्च्यांमध्ये आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा बसल्या जागेवरून वाकते, गोड मानून घे.

बातमी अशी की आमचं सिंफनीचं खानदान बुडालं. एकवीस मार्चला, रविवारी दुपारी चार वाजता, आम्ही चौसष्ट वादक काळे कोट, काळे झगे आणि ताठ माना घेऊन डिस्कोची गाणी वाजवणार आहोत. हो, तू सोनेरी पँट घालून तळघरातल्या डान्स हॉलमध्ये गायचीस तीच.

कारण सरळ आहे. गेल्या महिन्यात नऊशे खुर्च्यांवर दोनशे दहा माणसं होती. त्यातली चाळीस झोपली होती, आणि एक गृहस्थ घोरत होते ते आमच्यापेक्षा सुरात होते. व्यवस्थापकांनी स्पष्ट सांगितलंय की हा कार्यक्रम पडला तर आम्हा नऊ तात्पुरत्या वादकांना जूनपासून नारळ. मी सहा वर्षं तात्पुरती आहे. एवढी वर्षं तर लोकांची लग्नंसुद्धा टिकत नाहीत.

आमच्या संचालकांनी, म्हणजे छडीमास्तरांनी, शेवटचं गाणं कुठलं निवडलंय सांगू? 'वर जाणारी लिफ्ट'. तुझी लिफ्ट! मीच सुचवलं. गायला एक नवी मुलगी आहे, आवाज छान आहे. पण त्या रेकॉर्डमध्ये जी आठ व्हायोलिनं सुरसुर करत वर चढतात, त्यांचं नोटेशन कुठेच मिळत नाही. तुझ्याकडे आहे का? आणि ते लिहिलं कुणी होतं?

बाबांना कळल्यापासून घरात सुतक आहे. पंचवीस वर्षं ते पहिल्या व्हायोलिनांचे प्रमुख होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी वाद्यवृंद आपल्याच खांद्यावर उभा आहे असं त्यांना वाटतं. वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसलेत. तुझं नाव मी अर्थातच काढलेलं नाही. आई गेली तेव्हा तू मागच्या रांगेत सोनेरी बूट घालून उभी होतीस, तेव्हापासून मी तुला लिहितेय हे त्यांना अजून माहीत नाही. किंवा माहीत असून नाही.

तू येशील ना एकवीसला?

तुझी,
पिपाणी


९ फेब्रुवारी

पिपाणे,

आशीर्वाद पाकिटात मावले तेवढे कोंबलेत.

पत्र वाचून इतकी हसले की खालच्या लाँड्रीवाल्याने वर येऊन विचारलं, काही पडलं का. म्हटलं, हो, तुझ्या ग्राहकांचे काळे कोट पडले एकदाचे.

आता नीट ऐक. डिस्कोत अवघड काही नाही, म्हणूनच ते तुम्हाला जमणार नाही. खालचा मोठा ढोल चारही मात्रांवर सारखा पडतो. धब धब धब धब. ना कमी, ना जास्त, ना 'माझ्या मनात आज काय दाटून आलंय बघा'. तुमच्या लोकांची खोड मला माहीत आहे. छडी खाली आली की आधी विचार करायचा, मग वाजवायचं. तोवर नाचणारा पुढच्या पावलावर गेलेला असतो आणि त्याची बायको दुसऱ्याबरोबर.

नोटेशन कुठलं आलंय? घर बदललं तेव्हा रद्दीत गेलं. कुणी लिहिलं ते आठवत नाही. असेल कुणी बँडवाला.

येणं जमणार नाही. शाळेच्या पंचेचाळीस पँटी आखूड करायच्यात. पोरं वर्षभर वाढतात आणि शाळा मात्र मापं मागच्या वर्षीची पाठवते. शिवाय माझा डावा कान स्पीकरला टेकून गाण्यात गेला, आणि उजवा उरलाय तो मर्जीचा मालक. फोन न करता पत्र लिहितेस ते म्हणूनच आवडतं. नऊशे माणसांत बसून मी काय ऐकणार?

दादाला लिहू दे काय लिहायचं ते. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. तो वाईट नाही, फक्त इस्त्री जरा जास्त झालीय.

आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पहिली तालीम झाली. देव आहे की नाही माहीत नाही, पण असलाच तर काल त्याने कानात बोटं घातली होती.

व्यवस्थापकांनी आरशांचा गोळा आणून छताला टांगला. दिवा लागला आणि आमच्या सगळ्यांच्या नोटेशनवर पांढरे ठिपके पळायला लागले. ट्रम्पेटवाल्याने पळणारा एक ठिपका स्वर समजून वाजवला. छडीमास्तरांनी विचारलं, "हा कुठून आला?" तो म्हणाला, "सर, वरून."

मग आमचे नगारेवाले काका. तू म्हणतेस त्या चारही मात्रा मारायच्या म्हटल्यावर ते उठूनच उभे राहिले. "तीस वर्षं मी एका सिंफनीत सात वेळा वाजवून मानाने घरी जातोय. ही तर मजुरी झाली." कशीबशी समजूत घातली, तर ते धब म्हणायचे आणि व्हायोलिनं पाव मात्रा उशिरा यायची, जणू लग्नाला आलेले नातेवाईक. छडीमास्तर ओरडले, "कमरेपासून वरचा भाग आनंदी ठेवा!" चौसष्ट जणांनी तो ठेवला. दातांच्या दवाखान्यातल्या फोटोसारखे दिसत होतो.

लिफ्टची व्हायोलिनं आमच्या एका माणसाने रेकॉर्ड ऐकून लिहिलीत. दाढ दुखल्यासारखी वाजतात. माझं म्हणशील तर माझ्या पिपाणीला, म्हणजे ओबोला, त्या गाण्यात एकशे बारा मात्रा गप्प बसायचं काम आहे आणि ते मी उत्तम करते.

सोबत बाबांच्या पत्राचं कात्रण पाठवतेय. रविवारच्या अंकात आलं. शेवटचा परिच्छेद वाच. मला हसावं की रडावं कळेना.

तुझी,
पिपाणी

[कात्रण]
...व्हायोलिन हे हनुवटीखाली धरण्याचे वाद्य आहे, कमरेत हलवण्याचे नव्हे. 'वर जाणारी लिफ्ट' या तथाकथित गीतातील व्हायोलिनांचे लेखन ज्या गृहस्थाने केले, त्यास संगीत तर सोडाच, लाजही ठाऊक नसावी. अशा अडाणी हातांचे काम आमच्या व्यासपीठावर येणे हा त्या व्यासपीठाचा अपमान आहे.


२४ फेब्रुवारी

पिपाणे,

कात्रण तीनदा वाचलं. 'लाज' या शब्दाखाली दोन रेघा मारून ते परत पाठवतेय.

कुरियरने एक पेटी येईल. नोटेशन रद्दीत गेलं म्हणाले होते ते खोटं. तोंडातून एक शब्द काढणार नाही अशी शपथ मी घेतली होती आणि ती अडतीस वर्षं पाळली. पेटीला तोंड नसतं.

आत्या


३ मार्च

आत्या,

पेटी आली. स्टँडवर ठेवायच्या आधी पानं लावावीत म्हणून तालमीच्या हॉलमध्ये एकटीच जमिनीवर पसरून बसले. आठ व्हायोलिनांची आठ पानं, निळ्या शाईत, रेघ न रेघ सरळ. आणि चौथ्या ओळीवर चष्मा.

तुला ठाऊक असेल, वादक मंडळी अवघड जागी पेन्सिलीने छोटा चष्मा काढतात, 'इथे लक्ष द्या' म्हणून. सगळे दोन गोल आणि एक रेघ काढतात. नाक काढणारा माणूस जगात एकच. माझ्या लहानपणीच्या प्रत्येक वहीत तो नाकवाला चष्मा आहे. आठही पानांवर मिळून मी तेवीस नाकं पाहिली.

मग त्यातलं एक पान घेऊन तडक बाबांकडे गेले. ते चहा पीत होते. कपाशेजारी पान ठेवलं आणि म्हटलं, "हे त्या निर्लज्ज गृहस्थाचं."

बाबांनी कप बाजूला सरकवला, पान उजेडात धरलं. मला वाटलं आता फाडतील. त्यांनी बोट ठेवून म्हटलं, "इथे गज वर हवा. खूण कुणीतरी खोडलीय." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आत्या, मला आजवर वाटायचं की त्यांना तुझी लाज वाटते. हे काय आहे? आता तरी सांग.

पिपाणी


७ मार्च

पिपाणे,

सांगते. पेटीने सुरुवात केलीच आहे.

रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला व्हायोलिनं हवी होती, खरीखुरी. मी दादाला विचारलं. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा, वाद्यवृंदात नुकताच कायम झालेला. आधी नाही म्हणाला, मग चार दिवसांत आठही पानं लिहून आणली. सोमवारच्या सुट्टीत सात मित्रांना घेऊन स्टुडिओच्या मागच्या दाराने आला. कुणी ओळखू नये म्हणून आठही जणांनी कोट उलटे घातले होते. आठ माणसं उलटे कोट घालून ओळीने चालली की अख्खा रस्ता वळून बघतो, हे त्या शहाण्यांना सुचलं नव्हतं.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा त्याचा फक्त पाय हलत होता. दुसऱ्यांदा गुडघा. तिसऱ्यांदा, तुझी शपथ, कंबर. मी त्याला इतकं हसताना आधी पाहिलं नव्हतं, पुढेही नाही.

रेकॉर्ड गाजली. कव्हरवर व्हायोलिनवाल्यांची नावं नव्हती, पण चुगली करणारा कुठेही असतोच. वाद्यवृंदाच्या तेव्हाच्या प्रमुखांनी सगळ्या वादकांसमोर आठही जणांना उभं केलं. सात जण म्हणाले, "हो, वाजवलं." त्यांना समज दिली आणि विषय संपला. तुझा बाप म्हणाला, "वाजवलं. पण ती बाई माझी कुणी लागत नाही." आणि हे त्याला कुणी विचारलंही नव्हतं!

तू तेव्हा आईच्या पोटात होतीस. घाबरला असेल. त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला, म्हणाला, पानं मी लिहिली हे कुणाला सांगू नकोस. मी शपथ घेतली. तो काय बोलून आलाय हे मला दुसऱ्या दिवशी त्या सातांपैकी एकाकडून कळलं.

मग तो आला नाही. मीही गेले नाही. माझाही ताठा त्या सोनेरी पँटपेक्षा घट्ट होता. तू त्याच्याशी भांडू नकोस. भांडायचं असेल तर तो हक्क माझा आहे, आणि मला पँटींमधून वेळ नाही.

आत्या


१४ मार्च

प्रिय आत्या,

बस आणि वाच. उभी असशील तर पडशील.

परवा तालमीत खरी पानं स्टँडवर लागली. दहा ओळी गेल्या नाहीत तोच हॉलच्या शेवटच्या रांगेतून गर्जना आली, "वर! गज वर! तुम्ही काय लाकूड कापताय?"

छडीमास्तरांची छडी हातातून पडली. अंधारातून बाबा आले. बगलेत व्हायोलिनची पेटी, पायात घरातल्या सपाता. घाईत बूट राहिले होते. छडीमास्तर घाबरत म्हणाले, "सर, आपण पत्रात म्हणालात ते आम्ही... म्हणजे ज्या गृहस्थांनी हे लिहिलं..."

"मीच तो गृहस्थ," बाबा म्हणाले. "अडाणी, निर्लज्ज, सगळं मीच. आता वाजवायचंय की पत्रांवर चर्चा करायचीय?"

मग नगारेवाले काकांनी पाय आपटायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी आपटले. वादकांच्या टाळ्या अशाच असतात, हात गुंतलेले असतात ना. बाबा लालबुंद झाले. मग त्यांनी व्हायोलिनवाल्यांना उभं केलं. "बसून लिफ्ट वर जात नाही. छडीकडे बघू नका, काकांच्या पायाकडे बघा." छडीमास्तरांचं तोंड एवढंसं झालं, पण आत्या, तिसऱ्या वेळी व्हायोलिनं वेळेवर आली! अख्खा हॉल उचलल्यासारखा झाला. मला ओबो सोडून नाचावंसं वाटलं, आणि एकशे बारा मात्रा मोकळ्याच असल्यामुळे थोडी नाचलेही.

एकवीसला बाबाही वाजवणार आहेत. प्रमुखाची खुर्ची द्यायला सगळे तयार होते, ते शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले.

तुझं नाव मात्र अजून त्यांच्या तोंडी आलेलं नाही. तिकीट सोबत जोडलंय. पहिली रांग. ये ना.

पिपाणी


१७ मार्च

पिपाणे,

तिकीट परत पाठवतेय. दुसऱ्या कुणाला तरी दे.

त्याने आपलं अक्षर ओळखलं, छान झालं. माणसं ओळखायला तेवढं पुरत नाही.

आत्या


१७ मार्च

तुला,

मायना काय लिहावा हे न कळल्यामुळे तीन कागद वाया गेले, तेव्हा असो.

एक तांत्रिक प्रश्न आहे. 'लिफ्ट'च्या दुसऱ्या कडव्यात चौथा मजला येतो तिथे तू श्वास कुठे घेत होतीस? रेकॉर्डवर तो ऐकू येत नाही. नवी मुलगी तिथे धापा टाकते, आणि त्यामुळे व्हायोलिनांना थांबावे लागते. मी तिला सांगून पाहिले, पण मला ते नीट सांगता येत नाही. ते फक्त तुलाच माहीत आहे.

पत्ता मुलीच्या टेबलावरून घेतला. तिला कल्पना नाही.

दादा


२४ मार्च

प्रिय आत्या,

तिकीट परत पाठवून तू मागच्या दाराने आत येशील हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. साडेतीनला मी सूर जुळवत बसले होते, तर गायिकेच्या खोलीतून किंकाळी आली. धावत गेले तर तू त्या बिचारीच्या बरगडीत दोन बोटं खुपसून उभी! "इथून. गळ्यातून नाही, इथून." बाबांच्या पत्राबद्दल तू तिला बोललीस, ते तिने मला नंतर सांगितलं.

पहिल्या रांगेत मी रिकाम्या ठेवलेल्या तुझ्या खुर्चीवर बसून तू बूट काढलेस आणि ठेका कळावा म्हणून तळपाय जमिनीला टेकवलेस, ते मला दिसत होतं. पण तुझ्या जागेवरून तुला बाबा दिसत नव्हते, म्हणून सांगते. लिफ्टच्या पहिल्या कडव्याला त्यांचा पाय हलत होता. दुसऱ्याला गुडघा. मुलीने चौथ्या मजल्यावर तुझ्यासारखा चोरून श्वास घेतला, व्हायोलिनं न थांबता वर गेली आणि मग, आत्या, कंबर. सत्तर वर्षांची कंबर! शेजारचा वादक वाजवायचं विसरून बघत राहिला. नऊशे माणसं उभी होती. एक आजोबा काठी खुर्चीला टांगून नाचत होते.

नंतर आतल्या खोलीत जे झालं त्याशिवाय वाद्यवृंदात दुसरं काही बोललंच जात नाहीये. सगळे वाद्यं पुसत होते, कुणी सँडविच खात होतं. तू बूट हातात घेऊन दारात आलीस. बाबा तुझ्यापाशी आले आणि काहीतरी पुटपुटले. तू म्हणालीस, "काय?" ते जरा मोठ्याने बोलले. तू कानामागे हात धरून पुन्हा, "काय?" तेव्हा त्यांनी अख्खी इमारत हादरेल असं ओरडून सांगितलं, "ही माझी बहीण आहे! आणि मी तेव्हा खोटं बोललो होतो!" हॉर्नवाल्याचं सँडविच खाली पडलं. मग तू म्हणालीस, "बरं बरं, ओरडतोस कशाला," आणि बूट घालून बस पकडायला निघून गेलीस!

व्यवस्थापक खूश आहेत. मला आणखी दोन वर्षं तात्पुरतं राहायची कायम परवानगी मिळाली.

पण आता काळजीचं. काल सकाळपासून बाबा घरात नाहीत. व्हायोलिन नाही, छोटी बॅग नाही, फोन बंद. टेबलावर फक्त 'काळजी नको' अशी चिठ्ठी. तुला काही कल्पना आहे का? लगेच लिही.

पिपाणी


२८ मार्च

पिपाणे,

काळजी सोड. तुझा बाप माझ्याकडे आहे.

मंगळवारी दुपारी दारात उभा. म्हणाला, रेकॉर्डवर तू शेवटच्या कडव्यात घाई केली होतीस, त्यावर बोलायचं राहिलंय. म्हटलं, घाई मी नाही, तुझ्या आठ उलट्या कोटांनी केली. तेव्हापासून आमचं भांडण सुरू आहे. जेवायला थांबतो, मग पुढे चालू. मध्येच व्हायोलिन काढून पुरावा देतो. काल लाँड्रीवाला वर आला, तक्रार करायला आला असेल म्हटलं, तर तो खुर्ची घेऊनच आला होता. पँटींना इस्त्री करायला तुझ्या बापाला बसवलंय. तीन जाळल्या. शाळेला सांगितलं, नवी फॅशन आहे.

आणि त्या ओरडण्याचं. तुला वाटलं, मला ऐकू आलं नाही. पिपाणे, पहिल्यांदा तो जे पुटपुटला ते मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. जे ओरडला ते वेगळं होतं. पहिलं फक्त माझ्यासाठी होतं, ते मी तुलाही सांगणार नाही. पण त्याने मला एकांतात नाकारलं असतं तर एकांतात चाललं असतं. नाकारलं होतं सगळ्यांसमोर. म्हणून म्हटलं, काय?

आता थांबते. तो खालून हाका मारतोय. एक बाई पडद्यांचं काम घेऊन आलीय आणि हा त्या बाईला माप विचारायचं सोडून आधी बसायला सांगतोय, जसं काही घर त्याचंच.

दोन दिवसांसाठी म्हणून आलाय, आज सहावा. न्यायला येऊ नकोस.

आत्या